तीन शंखांची अंघोळ

माणदेशातलं चैत्राचं ऊन जमिनीतूनच उगवतं. तांबूस खडकांच्या पाठीतून, माणगंगेच्या रित्या, रेताड पात्रातून, बाभळीच्या काट्याकाट्याच्या टोकातून ते वर येतं आणि आभाळाला जाऊन भिडतं. मग आभाळ घासलेल्या पितळेचं होतं. दिशा पितळेच्या होतात. वारासुद्धा पितळी होतो, आणि लिंबाच्या कोवळ्या किरमिजी पालवीतून जाताना किणकिणतो.

त्या पितळी उजेडाच्या मधोमध निंबळवस्ती होती. मूठभर धाब्याची घरं, एक पार, एक कोरडी विहीर. वस्तीच्या टोकाला सारजाक्काचं घर होतं, आणि त्या घराच्या सोप्यात, उत्तरेच्या गार भिंतीला लागून, एक काचेची पेटी होती.

पेटीत काळी ओली माती. मातीवर शेवाळ. शेवाळावर तीन शंख. जिवंत शंख.

मुठीएवढे, मंदगती, मृत्तिकावर्ण. पाठीवर मधाच्या आणि मावळतीच्या रेघा ओढलेले. त्या रेघांखालून ओलसर, मऊ, मायाळू अंग हळूच बाहेर सरके, चार शिंगं उमलत, आणि वरच्या दोन शिंगांच्या टोकांवरले काळे ठिपके जगाकडे बघत. शंखी गोगलगायी त्या, मोठ्या जातीच्या. सगळा माणदेश तहानेनं वाळत असताना ह्या तिघी ओल्या होत्या, आणि त्यांना ओलं ठेवणारे हात सारजाक्काचे होते.

त्या हातांची गोष्ट आधी सांगायला हवी.

लांब, सावळे, हाडकुळे हात. ऐन उमेदीत सारजाक्काचा नवरा गेला, आणि वस्तीनं ह्या हातांसाठी एक काम नेमून दिलं. कुणी बाई गेली की सांगावा यायचा, "आक्का, चला." सारजाक्का जायची. अंगणात तीन दगडांची चूल मांडायची, कोमट पाणी करायची, आणि गेलेल्या बाईला शेवटची अंघोळ घालायची. इतक्या हळुवार, की जणू पाण्यानं ती बाई जागी होईल. केस विंचरायची, ओठांवर तुळशीचं पान ठेवायची, लुगडं नीट करायची, आणि कुणाशी न बोलता घरी यायची.

अंघोळीला बोलावणारी वस्ती हळदीला मात्र बोलवत नव्हती. डोहाळजेवणाला बोलवत नव्हती. बारशाला पाळण्याची दोरी तिच्या हाती देत नव्हती. कुणी वाईट बोलत नसे. फक्त हात आखडता घेई. वर्षं गेली, आणि सारजाक्काही स्वतःचे हात आखडून घ्यायला शिकली. लहान लेकरू समोर आलं तरी ती हात पदराखाली लपवायची.

तिचा मुलगा सयाजी वेल्डिंगचं काम करायचा. पुलाच्या कामावर तो कोकणात गेला आणि तिकडून वासंतीला लग्न करून घेऊन आला. लग्न तिकडंच, देवळात, चार माणसांत झालं. सारजाक्का गेली होती. पण हळदीच्या वेळी ती खांबाआड उभी राहिली. नवरीला वाटलं, सासूला आपण पसंत नाही.

वासंती आली ती ओल्या देशातून, सतत झिरपणाऱ्या, हिरव्या, हळव्या देशातून. आणि येताना एका डब्यात, केळीच्या पानांत गुंडाळून, ह्या तिघींना घेऊन आली. त्यांना तिनं अंड्यातून निघाल्यापासून वाढवलं होतं. तिच्या माहेरी लोक ह्या जातीला शिव्या देतात, कारण ती सुटली तर बागा फस्त करते. म्हणून वासंतीनं त्यांना कधी मोकळं सोडलं नव्हतं. सयाजीनं तिच्यासाठी जुन्या खिडक्यांच्या काचा जोडून पेटी केली, वर घट्ट बसणारं जाळीचं झाकण केलं, आणि सोपा त्या तिघींचा झाला.

पहिल्याच आठवड्यात वासंती हसत पुढं आली होती, तळहातावर थोरलीला घेऊन. "आत्या, हात पुढं करा. बघा कशी गार लागते."

सारजाक्का दोन पावलं मागं सरकली. "नगं," ती म्हणाली. तिला भीती आपल्या हाताची होती. वासंतीला वाटलं, किळस आली.

असं त्या घरात दोन बायकांमध्ये एक मूक, मलूल, न उलगडणारं अंतर पडलं. एका संध्याकाळी तर सारजाक्का लेकाला म्हणालीही, "हितं माणसाला पाणी न्हाई, आन ह्या किड्यास्नी फवारा! सोड जा त्यास्नी लांब कुठंतरी." दाराआड वासंती उभी होती. तिनं ऐकलं.

माघ संपता संपता कोकणातून निरोप आला. वासंतीची आई विहिरीच्या पायऱ्यांवर घसरली. मांडीचं हाड मोडलं. करणारं दुसरं कुणी नव्हतं. वासंतीनं पिशवी भरली, आणि निघताना पेटीजवळ घुटमळली.

"सयाजी दिवसभर कामावर असतात," ती सासूकडे न बघता म्हणाली. "आत्या, तुम्हीच बघाल का? काकडी, दुधी काहीही चालतं. माती ओली ठेवायची. मीठ तेवढं लागू द्यायचं नाही. आणि ही समुद्रफेणी इथंच राहू दे, शंख टणक राहायला लागते त्यांना."

सारजाक्का उंबऱ्याकडे बघत होती. "जा तू," ती म्हणाली. "आईला बघ."

एवढंच. पण गाडी गेल्यावर ती सोप्यात आली, पेटीसमोर बसली, आणि पदराखालचे हात तिनं कितीतरी वेळानं बाहेर काढले.

मग दुपारी बदलल्या.

ज्या दुपारी पूर्वी विहिरीसारख्या खोल आणि कोरड्या असायच्या, त्यांना आता तळाशी ओल आली. सारजाक्का काकडीची चकती चिरून ठेवायची आणि कान देऊन बसायची. शांत घरात त्यांचं खाणं ऐकू यायचं. बारीक, खरखरीत, जणू कुणी लांबवर कोरं लुगडं फाडतंय. धाकटी आधी यायची. थोरली सगळ्यांत शेवटी, सावकाश, सम्राज्ञीसारखी, स्वतःची रुपेरी पायघडी स्वतःच अंथरत.

"या बाई," सारजाक्का म्हणायची. "तुमचीच वाट बघत्यात सगळी."

एके दिवशी थोरली काचेच्या कडेवर आली आणि तिथंच लोंबकळली, पडली असती. सारजाक्काचा हात आपसूक पुढं झाला. तळहातावर गार, जड, जिवंत भार टेकला. शिंगं आत गेली, क्षणभर थांबली, मग एकेक करून उमलली. आणि ती ओली, अनभिज्ञ, अभय दिलेली माया सारजाक्काच्या मनगटाकडे निवांत चालू लागली.

तिला कुणाचा हात कुठला, हे ठाऊक नव्हतं. तिला फक्त ऊब ठाऊक होती.

सारजाक्का तशीच बसून राहिली. बाहेर ऊन झणाणत होतं. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून पडलं तेव्हा तिनं घाईनं हात बाजूला घेतला. अश्रूंत मीठ असतं, हे तिला आठवलं.

आणि मग चैत्र चढला. विहिरी आटल्या. वस्ती टँकरच्या पाण्यावर आली. आणि एके दिवशी टँकरच येईना. पुढचा रस्ता खचला, म्हणे. आज येईल, उद्या येईल, असं होत दिवस सरले. रांजण तळाला गेला. माणसं वाटीनं पाणी मोजू लागली. सारजाक्कानं आपल्या पिण्यातलं पाणी पेटीवर शिंपडून पाहिलं, एकदा, दोनदा. मग सयाजी तापानं पडला, आणि घरात असेल नसेल ते सगळं पाणी लेकाच्या ओठांकडे गेलं.

लेक उठला. पण तोवर पेटीतली काळी माती राखेच्या रंगाची झाली होती. शेवाळ कुरकुरीत झालं होतं. आणि तिघी आपापल्या शंखांत आत, अगदी आत गेल्या होत्या. प्रत्येक शंखाच्या तोंडावर एक पांढरी, पातळ, चुन्यासारखी चकती बसली होती.

दार लागलं होतं.

सारजाक्कानं कितीतरी वेळा पाहिलेला तो पांढरेपणा होता. मिटलेला, निमूट, निर्विकार. तिनं शंख हलवला. उत्तर नाही. नखानं टकटक केलं. उत्तर नाही. काकडी तर मिळण्यासारखी नव्हतीच. शेजारच्या पारूकडून दुधीचा तुकडा आणून तिनं समोर ठेवला. तो तिथंच सुकला.

पारू डोकावून गेली. "आक्का, मेल्यात की वो त्या. टाका जावा पल्याड. वास सुटंल."

"असू दे," सारजाक्का म्हणाली.

वासंतीचा फोन यायचा. आईचं सांगून झालं की तिचा आवाज जरा खाली यायचा. "आत्या, त्या... आहेत ना बऱ्या?"

"हायेत की."

"खातात?"

"खात्यात. काल दुधी संपिवला."

फोन ठेवल्यावर सारजाक्का पेटीकडे पाठ करून बसायची. तिच्या मनात एकच वाक्य घोटाळायचं, वाळक्या पाचोळ्यासारखं. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी ह्या हातांत जिवंत काही ठेवलं होतं. ह्या हातांनी ते राखलं नाही.

वैशाखाच्या एका सकाळी टँकर आला. त्याच सकाळी फोनही आला. "आत्या, आई आता काठीनं चालते. मी उद्या निघते."

सारजाक्कानं रांजण भरला. अंगण झाडलं. मग सोप्यात जाऊन पेटीचं झाकण काढलं. सुनेच्या हातात तीन रिकामे, धुळकट शंख द्यायचे, हे तिच्यानं होणार नव्हतं. ज्यांना आपलं म्हटलं त्यांना असं कोरडं धाडत नाहीत. लिंबाखाली जागा करायची, सुनेला सगळं खरं सांगायचं, हे तिनं ठरवलं. पण त्याआधी, रीतीप्रमाणे, अंघोळ.

अंगणात तिनं तीन दगड मांडले. काटक्या पेटवल्या. पितळी घंगाळात पाणी चढवलं, आणि हात घालघालून बघितलं; फार ऊन नको, फार गार नको, गेलेल्या जिवाला सोसेल एवढं कोमट. जुन्या मऊ लुगड्याचे तीन तुकडे फाडले. वृंदावनातल्या तुळशीची तीन पानं खुडली.

पूर्वेकडून ऊन येत होतं. अजून कोवळं, अजून केशरी. त्या केशरी उजेडात तिनं थोरलीला ओंजळीत घेतलं.

"ये माझे बाई," ती म्हणाली. प्रत्येकीला ती असंच म्हणत असे.

पाणी घातलं. धूळ वाहून गेली, आणि धुळीखालून मधाच्या रेघा उजळल्या. पुन्हा पाणी घातलं. मावळतीच्या रेघा उजळल्या. ती बोटांनी वळणावळणातून चोळत गेली, हळुवार, अखंड, अनुतापानं. जसे माहेरचं कुणी न आलेल्या बायकांचे केस धुतले होते, जशा कष्टानं फुटलेल्या टाचा धुतल्या होत्या, तशी. पाणी त्या पांढऱ्या दारावरून ओघळत राहिलं. मग मधली. मग धाकटी. तिघींना तिनं ओल्या फडक्यांवर ठेवलं, आणि तिन्ही मिटल्या दारांपाशी एकेक तुळशीचं पान टेकवलं.

हात जोडले. डोळे मिटले.

लिंबावर एक बुलबुल बोलत होता. चुलीतली काटकी मोडली. आणि त्या दोन आवाजांच्या मध्ये एक तिसरा आवाज आला. इतका बारीक, की तो कानानं ऐकला की काळजानं, हे सारजाक्काला पुढं कधी सांगता आलं नाही.

तडक.

तिनं डोळे उघडले.

थोरलीच्या पांढऱ्या दाराला तडा गेला होता. केसासारखा. तडा रुंदावला. चुन्याचा एक पापुद्रा सुटला, पाण्यावरून घसरला, फडक्यावर पडला. आतल्या अंधारात काहीतरी ओलं चमकलं, फुगलं, थबकलं. आणि मग, दीर्घ निद्रेतून, दीर्घ निराशेतून, दीर्घ दाहातून, एक मऊ करडी कड बाहेर आली.

एक शिंग. तोकडं, भित्रं.

दुसरं शिंग.

वरच्या दोन शिंगांवर दोन काळे ठिपके उमलले, आणि त्यांनी माणदेशाच्या त्या केशरी सकाळकडे पाहिलं.

तिनं किती जणींना अंघोळ घातली होती! किती मिटल्या पापण्यांकडे सारजाक्का पाहत राहिली होती! प्रत्येक वेळी, कुणाला न सांगता, पाणी घालताना एक वेडी आशा तिच्या बोटांत असायची. एकही पापणी कधी हलली नव्हती. आणि आज!

थोरलीनं मान लांबवली. तुळशीच्या पानाला तोंड लावलं. खरखर. पानाला एक अर्धचंद्र पडला. खरखर. अर्धचंद्र मोठा झाला. शेवटच्या प्रवासाची ती शिदोरी. पण थोरलीनं प्रवास रद्द केला होता, आणि ती शिदोरी न्याहारीला खात होती!

तडक. मधलीचं दार.

तडक. धाकटीचं.

"सया!" सारजाक्का ओरडली. त्या घरात तिचा इतका मोठा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता. "सया रं! आरं धाव!"

सयाजी पलीकडच्या वेल्डिंगच्या शेडमधून धावत आला, कपाळावर काळा चष्मा तसाच. "आई, काय झालं? पडलीस?"

"खाल्लं!"

"काय?"

"तुळशीचं पान खाल्लं तिनं! मढ्याला ठिवल्यालं पान खाल्लं बग! उठल्या रं! तिघीबी उठल्या!"

आणि ती हसू लागली. उकिडवी बसून, ओल्या हातांनी, मोकळ्या गळ्यानं. इतकी, की पारू कुंपणावरून डोकावली, पलीकडच्या घरातून कुणी बाहेर आलं, आणि बुलबुल उडून गेला. सयाजी आईकडे बघत राहिला. त्याच्या आठवणीत ही बाई कधी हसलेली नव्हती. तो खाली बसला, त्यानं चष्मा काढला, आणि आईबरोबर तोही हसू लागला.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताना वासंती आली. पिशवी खाली ठेवायच्या आत सारजाक्का तिच्यासमोर उभी राहिली.

"आधी ऐक," ती म्हणाली. "मी तुला फोनवर खोटं बोलले. पाणी तुटलं तवा मी त्यांचं बंद केलं. त्या पांढऱ्या पडल्या, दार लावून बसल्या. मला वाटलं मेल्या. तुला सांगाय तोंड झालं न्हाई. काल शेवटची आंगूळ घातली, तर..." तिनं नुसतं पेटीकडे बोट दाखवलं.

पेटीत काळी ओली माती होती. तिघी काचेवर होत्या, पूर्ण उमललेल्या.

वासंती काचेपाशी वाकली. मग म्हणाली, "कोरडं पडलं की त्या दार लावून निजतात, आत्या. आमच्याकडंही निजतात, थोड्या दिवसांसाठी. पण इथल्या ह्या उन्हात इतके दिवस! माझ्या हातानंही उठल्या असत्या की नाही, कुणास ठाऊक." ती वळली. "तुम्ही टाकल्या कशा नाहीत?"

"आपल्या माणसाला कोण टाकतं?"

हे 'आपलं माणूस' कोण, हे दोघींनाही विचारावं लागलं नाही. वासंती पुढं झाली. तिनं सासूचे दोन्ही हात धरले. सारजाक्कानं सवयीनं ते ओढून घेतले.

"नगं बाई. ह्या हातानं मी मढी..."

"ठाऊक आहे. सयाजींनी सांगितलं, मी तिकडं असताना. तुम्ही खांबाआड का उभ्या होतात तेही आता कळलं." आणि तिनं ते लांब, सावळे, हाडकुळे हात उचलून आपल्या दोन्ही गालांवर ठेवले, आणि डोळे मिटले. "गार आहेत," ती म्हणाली. "छान गार आहेत."

सोप्यात संध्याकाळ भरत होती, अंजिरी, अथांग. सारजाक्काच्या हातांनी सुनेच्या कपाळावरची प्रवासाची धूळ अंगठ्यानं हलकेच पुसली.

ज्येष्ठ लागला. एके दिवशी माती बदलताना वासंतीच्या बोटांना काही टपोरं लागलं. "आत्या, इकडं या!" मातीत, ओलाव्याच्या कुशीत, ज्वारीच्या दाण्यांसारखी फिकी पिवळी अंडी होती, मोत्यांची मूठ कुणी पुरून ठेवावी तशी. सारजाक्कानं ती पाहिली आणि त्या दिवसापासून पेटीला पाणी घालायचं काम दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

"लई झाल्या तर?" सयाजीनं विचारलं.

"तर तू मोठी पेटी करशील," आई म्हणाली. "आन झाकण पक्कं."

आणि एका सकाळी माती हलली.

कण बाजूला सरले, आणि मसुराएवढं काहीतरी वर आलं; पारदर्शक, पोवळ्यासारखं नाजूक, पाठीवर दीड वेढ्याचा इवला शंख. त्यामागं दुसरं. त्यामागं तिसरं. मग सगळी मातीच उमलू लागली. इवली शिंगं, इवले ठिपके, इवली घाई. आपलंच टरफल खाऊन, आपलंच बळ घेऊन, ती सगळी उजेडाकडे निघाली.

सारजाक्का पाहत राहिली. मग ती उठली. चूल पेटवली, मोठं पातेलं चढवलं, आणि गव्हा-हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजवल्या. गूळ घातला. खोबरं घातलं. ताट भरून ती दारात उभी राहिली, आणि ज्या वस्तीनं तिला कुठल्याच पाळण्यापाशी कधी बोलावलं नव्हतं, त्या वस्तीला तिनं साद घातली.

"ये पारू! या गं समद्या! माझ्या घरी लेकरं झाल्यात! घुगऱ्या न्यायला या!"

बायका आल्या. आधी कुतूहलानं, मग हसत, मग रेटारेटी करत. पारूनं पहिली ओंजळ पुढं केली. सारजाक्काच्या हातानं त्या ओंजळीत गरम घुगऱ्या घातल्या. ओंजळ मागं सरली नाही. मग दुसरी ओंजळ. मग तिसरी. लेकरं पायांतून शिरून पेटीला नाक लावून उभी राहिली. कुणी विचारलं, "आक्का, नावं काय ठेवायची?" आणि सगळा सोपा खदखदून हसला. वासंती ताटात घुगऱ्या वाढत होती. सारजाक्का वाटत होती. ताट रितं होत होतं आणि पुन्हा भरत होतं.

तेवढ्यात ऊन फिरलं. खिडकीतून एक तिरकी, तेजस्वी शलाका आली आणि पेटीवर पडली. काच पेटली. आणि त्या पेटलेल्या काचेवर, खालून वर, इवल्या इवल्या शंखांची रांगच रांग चढत होती. एकेका शंखातून ऊन आरपार जात होतं, एकेक शंख सोन्याचा होत होता. बायकांचा गलबला आपसूक विरला. सगळ्या बघत राहिल्या. आणि ते सोनं चढत राहिलं. ओलं, अबोल, अविरत. हळूहळू, वर, आणखी वर.